संथ की जलद? बोसा नोव्हातील लय, पट्टी आणि भाव

कोणत्याही गाण्याची ओळख करून देताना त्याची लय किती, पट्टी कोणती आणि भाव कसा, हे तीन प्रश्न पाश्चात्त्य संगीताच्या पाठ्यपुस्तकांत आणि आता संगणकावरील गीतसूचींतही ठरून गेलेले आहेत. त्यांची उत्तरे एका आकड्यात, एका स्वरनामात आणि एका विशेषणात मिळतील अशी अपेक्षाही त्यामागे असते. बहुतेक लोकप्रिय गीतांच्या बाबतीत ती पुरी होते. परंतु १९५० च्या दशकाच्या अखेरीस ब्राझीलमधील रिओ दि जानेरो या शहरात जन्मलेल्या ‘बोसा नोव्हा’ या गीतप्रकाराला हे प्रश्न विचारले, की तिन्ही उत्तरे दुहेरी येऊ लागतात. एकाच गाण्याची लय कोणी मिनिटाला ६५ ठोके सांगतो, तर कोणी १३० सांगतो. पट्टी मेजर असूनही ऐकणाऱ्याला हुरहुर लागते. आणि भाव सुखाचा म्हणावा तर गीताचे शब्द विरहाचे निघतात. हा दुहेरीपणा ऐकणाऱ्याचा गोंधळ नसून रचनेतच जाणीवपूर्वक ठेवलेला आहे, आणि तोच या प्रकाराचा खरा प्राण आहे.

बोसा नोव्हाचे मूळ सांबा या आफ्रिकी-ब्राझिली संगीतात आहे. सांबा हा मुळात ताशे-ढोलांच्या जातीच्या अनेक वाद्यांनी, समूहाने आणि मोकळ्या रस्त्यावर वाजवायचा प्रकार. त्यात ‘सुर्दो’ नावाचा मोठा ढोल खालचा आधार देतो, तर ‘तांबोरीं’ हे हाताच्या पंजाएवढे चपटे वाद्य वरच्या अंगाने तुटक, अडखळते बोल वाजवते. कार्निव्हलच्या मिरवणुकीत ही लय मिनिटाला सुमारे १३० ते १५० ठोक्यांपर्यंत जाते. याच काळात ‘सांबा-कान्साँव’ नावाचा सांब्याचा एक संथ, भावविवश प्रकारही रिओच्या रात्रगृहांत लोकप्रिय होता आणि त्यात भरदार, कंप देणाऱ्या आवाजात प्रेमभंगाची गाणी म्हटली जात. बायिया प्रांतातील जुआझेरो या गावी १९३१ साली जन्मलेल्या जुआंव जिल्बेर्तो या गायक-गिटारवादकाने या दोन्हींच्या मधून एक तिसरी वाट काढली. मिरवणुकीतला सांबा त्याने एका गिटारवर उतरवला आणि सांबा-कान्साँवचा टाहो काढून टाकून आवाज बोलण्याच्या पातळीवर आणला. अंतोनियो कार्लोस जोबिम (१९२७–१९९४) या रिओच्या संगीतकाराच्या रचना आणि व्हिनिसियुस जि मोराइस (१९१३–१९८०) या कवी व राजनैतिक अधिकाऱ्याचे शब्द त्याला लाभले, आणि १९५८ साली ‘शेगा जि साउदाजि’ या गीताच्या ध्वनिमुद्रिकेने या वाटेला नाव आणि श्रोते मिळवून दिले.

लयीपासून सुरुवात केली तर पहिला पेच मोजणीचा आहे. ब्राझिली संगीतकार सांब्याप्रमाणेच बोसा नोव्हाही दोन ठोक्यांच्या आवर्तनात लिहितात आणि प्रत्येक ठोक्याचे चार समान भाग करतात, म्हणजे आपल्या भाषेत मात्रेची चौपट धरतात. १९६० नंतर हीच गाणी अमेरिकेत छापली जाऊ लागली तेव्हा तेथील जॅझवादकांच्या सोयीसाठी ती चार ठोक्यांच्या आवर्तनात, प्रत्येक ठोक्याची केवळ दुप्पट धरून लिहिली गेली. कानाला ऐकू येणारा नाद दोन्हींत सारखाच; पण कागदावरची मात्रा अर्धी झाल्याने लयीचा आकडा दुप्पट झाला. ‘गारोता जि इपानेमा’ या जगप्रसिद्ध गीताच्या १९६३ सालच्या ध्वनिमुद्रणाची लय अमेरिकी पद्धतीने मोजली तर सुमारे १३० भरते आणि ब्राझिली पद्धतीने सुमारे ६५. लय आपोआप मोजणाऱ्या संगणकप्रणाली अशा गाण्यांत नेहमी दुपटी-निमपटीची चूक करतात, आणि त्यात त्यांचा दोष तसा थोडाच आहे, कारण गाण्यात या दोन्ही गती एकाच वेळी खरोखर चालू असतात.

त्या कशा, हे जिल्बेर्तोच्या उजव्या हाताकडे पाहिले म्हणजे समजते. बोसा नोव्हाच्या गिटारला नायलॉनच्या तारा असतात आणि ती नखीने न छेडता बोटांनी वाजवली जाते. अंगठा खर्जाच्या तारांवर प्रत्येक ठोक्याला एक स्वर देतो. हे सुर्दोचे काम. तर्जनी, मधले बोट आणि अनामिका वरच्या तीन तारा एकदम ओढून स्वरसंघ, म्हणजे कॉर्ड, वाजवतात. हे तांबोरींचे काम. दोन आवर्तने मिळून सोळा सूक्ष्म मात्रांचे एक चक्र धरले, तर अंगठा पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि तेराव्या मात्रेवर पडतो, म्हणजे त्रितालात टाळी आणि खाली जेथे येतात नेमक्या त्याच जागी. बोटांचे आघात मात्र यातील बहुतेक जागा चुकवून पडतात. ढोलवादकांनी रूढ केलेल्या साच्यात ते पहिली, चौथी, सातवी, अकरावी आणि चौदावी या मात्रांवर येतात, म्हणजे सोळा मात्रांची वाटणी ३, ३, ४, ३, ३ अशी होते. चार-चारच्या सरळ चौकटीवर तीन-तीनचा तिरका साचा ठेवल्यामुळे पहिली मात्रा सोडली तर दोघांची गाठ पडत नाही, आणि कान एकदा अंगठ्याच्या संथ चालीला धरतो तर एकदा बोटांच्या लगबगीला. लहान इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवर ‘बोसा नोव्हा’ नावाचे जे तयार तालाचे बटण असते, ते बहुधा हाच साचा न थकता पुन्हा पुन्हा वाजवते. महाराष्ट्रातील अनेक हौशी वादकांची या नावाशी पहिली आणि शेवटची ओळख त्या बटणापुरतीच राहिलेली आहे, हे दुर्दैवच. जिल्बेर्तो स्वतः हा साचा असा ठोकळ्यासारखा कधीच वाजवत नसे. गीताच्या शब्दांनुसार तो आघात पुढेमागे सरकवी, एखादा गाळी, आणि स्थिर राही तो फक्त अंगठा.

जॅझ आणि बोसा नोव्हा यांचे नाते पुढे इतके घट्ट झाले की त्यांच्या लयीतला एक मूलभूत फरक सहज नजरेआड होतो. जॅझमध्ये ठोक्याचे दोन भाग असमान असतात. पहिला लांब आणि दुसरा आखूड, आणि या झोक्यालाच ‘स्विंग’ म्हणतात. बोसा नोव्हात सगळे भाग समान असतात. झोका येतो तो आघातांच्या जागांमुळे, मात्रा ताणल्यामुळे येत नाही. १९६२ च्या सुमारास ज्या अमेरिकी वादकांनी घाईघाईने बोसा नोव्हाच्या तबकड्या काढल्या, त्यांतील पुष्कळांचे वादन आज जड वाटते याचे कारण हेच आहे, की सवयीने त्यांचा हात पुन्हा स्विंगकडे वळतो.

या दोन गतींवर तिसरी गती असते ती गळ्याची. जिल्बेर्तो गाताना ओळ ठोक्यावर क्वचितच उचलतो. कधी ती अर्धी मात्रा आधी सुरू करतो, कधी संपूर्ण ओळ मागे रेंगाळू देऊन पुढच्या ओळीत ती उणीव भरून काढतो, आणि इकडे गिटार जणू या साऱ्याशी संबंधच नाही अशी सरळ चालत राहते. ख्याल ऐकणाऱ्या मराठी श्रोत्याला लयीशी असा खेळ नवा नाही. फरक असा की ख्यालात गायक या खेळाचा शेवट समेवर येऊन करतो आणि श्रोते त्या क्षणाला दाद देतात, तर जिल्बेर्तो समेवर आल्याचा गाजावाजा अजिबात करत नाही. कित्येकदा तो पुन्हा केव्हा जुळला हेही कळत नाही. शिवाय एकच माणूस गातो आणि वाजवतो, त्यामुळे ही ओढाताण दोन कलावंतांतील सवाल-जवाब न राहता एकाच देहात दोन काळ चालू असल्यासारखी भासते.

पट्टीच्या बाबतीत आधी साधी गोष्ट. पट्टी म्हणजे गाण्याचा षड्ज कोठे ठेवला आहे ते. आणि पाश्चात्त्य पद्धतीत त्याच्या जोडीला स्वरसप्तक मेजर आहे की मायनर हेही सांगावे लागते. मेजरमध्ये गंधार शुद्ध असतो, मायनरमध्ये कोमल. ‘गारोता जि इपानेमा’ छापील पुस्तकांत बहुधा पांढरी चारच्या मेजरमध्ये दिलेले आढळते, तर १९६३ च्या ध्वनिमुद्रणात ते काळी एकमध्ये आहे. काळी एक ही पट्टी गिटारवादकाला सोयीची नसते, कारण गिटारच्या मोकळ्या तारांपैकी एकही त्या सप्तकात बसत नाही. परंतु या शैलीत मोकळ्या तारांवर भिस्त नसतेच. सगळ्या तारा दाबून वाजवल्या की बोटे किंचित सैल करताच नाद थांबवता येतो, आणि तोडून टाकलेला हा नादच तांबोरींचा भास निर्माण करतो. पट्टी मग गळ्याच्या सोयीने, बहुधा खालच्या अंगाला ठेवता येते.

परंतु केवळ पट्टी सांगून येथे काहीच हाती लागत नाही. गाणाऱ्याचा स्वर आणि त्याखालची कॉर्ड यांचे नाते काय, हे महत्त्वाचे. साध्या गीतात मुख्य स्वर कॉर्डमधीलच असतात. मेजर कॉर्ड षड्ज, गंधार आणि पंचम यांची बनते, आणि गाणे त्यांच्यावर विसावले की कानाला घरी पोहोचल्याचे समाधान होते. ‘गारोता जि इपानेमा’च्या सुरुवातीला गिटार षड्जाची कॉर्ड वाजवते, पण तिच्यावर गाणारा फिरतो तो रिषभ, निषाद आणि धैवत या तीनच स्वरांवर. षड्ज, गंधार, पंचम खाली साथीत आहेत आणि गळ्यात नेमके त्यांच्या शेजारचे स्वर आहेत. कर्कशपणा कोठेही नाही, सगळे शुद्ध स्वर आहेत, तरीही विसावा नाही. समुद्राकडे चाललेल्या एका तरुणीला पाहणारा आणि तिच्यापर्यंत कधीच न पोहोचणारा माणूस हा या गीताचा विषय आहे, हे लक्षात घेतले म्हणजे जोबिमने त्याला षड्जाच्या भोवती फिरवत का ठेवले हे वेगळे सांगावे लागत नाही.

याच गीताचा मधला भाग तर पट्टीबदलाचा एक नमुनाच आहे. गीताची घडण ८, ८, १६ आणि ८ अशा चाळीस आवर्तनांची. तीतला सोळा आवर्तनांचा मधला भाग एकदम अर्धा स्वर वर, पांढरी चारवरून काळी तीनवर उडी घेतो. इतकी जवळची पट्टी प्रत्यक्षात फार दूरची असते, कारण दोन्ही सप्तकांत समान स्वर फारच कमी. जोबिमने हा सांधा एका स्वराने जोडला आहे: या भागाच्या आरंभी गाणारा जो लांब स्वर धरतो तो जुन्या पट्टीचा षड्ज असतो, आणि खालची कॉर्ड बदलताच तोच स्वर नव्या पट्टीचा निषाद होतो. पहिल्या सोळा आवर्तनांत षड्जावर न विसावता आलेल्या गाण्याला अखेर षड्ज सापडावा आणि त्याच क्षणी त्याच्या पायाखालची जमीन सरकावी, अशी ही योजना आहे. पुढे तीच स्वराकृती आणखी दोनदा वरच्या स्वरांवर मांडली जाते आणि मग हळूहळू मूळ पट्टीकडे परतते. शब्दांतही पाहणाऱ्याच्या एकटेपणाचा उल्लेख याच भागात येतो.

हाच विचार अधिक उघड, किंबहुना थोडा मिश्कीलपणे, ‘सांबा जि उमा नोता सॉ’ या १९६० साली जिल्बेर्तोने ध्वनिमुद्रित केलेल्या गीतात दिसतो. त्याचे कर्ते जोबिम आणि त्याचा मित्र न्यूटन मेंदोन्सा. नावाप्रमाणे या सांब्याची पहिली आठ आवर्तने एकाच स्वरावर म्हटली जातात. काळी पाचच्या पट्टीत तो स्वर पांढरी चार हा असतो आणि त्याखाली कॉर्डचा पाया दर आवर्तनाला अर्धा स्वर खाली घसरत जातो. परिणाम असा की गाणाऱ्याने काहीही न बदलता त्याचा स्वर पहिल्या कॉर्डच्या मानाने कोमल गंधार, दुसरीच्या मानाने शुद्ध गंधार, तिसरीच्या मानाने शुद्ध मध्यम आणि चौथीच्या मानाने तीव्र मध्यम ठरतो. तंबोऱ्याचा षड्ज अचल ठेवून गायकाने चढत जाण्याची भारतीय रीत येथे उलटी झालेली आहे: गायक अचल आहे आणि षड्ज उतरतो आहे. ‘देझाफिनादू’ या याच जोडगोळीच्या गीतात दुसऱ्याच कॉर्डवर गाणे सप्तकाबाहेरच्या कोमल धैवतावर जाऊन थांबते, आणि गीताचे शीर्षक तर ‘बेसूर’ अशा अर्थाचे. बेसूर म्हणवल्या जाणाऱ्या प्रियकराची बाजू मांडणारे हे गाणे म्हणायला मात्र पक्क्या सुराचा गळा लागतो. ‘कोर्कोव्हादू’ची सुरुवात षड्जाच्या कॉर्डवर होतच नाही, आणि ‘इन्सेन्सातेझ’मधील उतरती स्वररचना शोपँच्या ई मायनर प्रेल्यूडशी जवळीक सांगते, हे अनेक अभ्यासकांनी दाखवून दिलेले आहे. युरोपीय पियानोसंगीत जोबिमच्या हाडीमाशी मुरलेले होते.

मेजर म्हणजे आनंद आणि मायनर म्हणजे दुःख हे समीकरण बोसा नोव्हात सरळ लागू पडते असे एक ठळक उदाहरण आहे, आणि ते नेमके पहिले गीत आहे. ‘शेगा जि साउदाजि’चा पूर्वार्ध, जेथे दुरावलेल्या प्रियेची ओढ सांगितली आहे, मायनरमध्ये आहे; उत्तरार्धात ती परत आली तर काय काय होईल याची स्वप्ने येतात तेव्हा षड्ज तोच ठेवून सप्तक मेजर होते, म्हणजे कोमल गंधाराच्या जागी शुद्ध गंधार येतो. तरीही उत्तरार्ध निव्वळ आनंदाचा नाही, कारण तो ‘परत आली तर’ या अटीवर उभा आहे, आणि जिल्बेर्तोच्या गळ्यात दोन्ही भागांसाठी आवाजाची उंची जवळजवळ सारखीच राहते.

भावाचा प्रश्न येथे गळ्याशी येऊन मिळतो. १९५८ सालीच, जिल्बेर्तोच्या तबकडीच्या थोडे आधी, एलिझेची कार्दोझू या थोर गायिकेने हेच गीत गायिले होते आणि त्या मुद्रणात गिटार जिल्बेर्तोचीच होती. तिचा आवाज मोठा, उघडा, प्रत्येक भावनेला वळण देणारा आहे. जिल्बेर्तो कंप देत नाही, स्वर लांबवत नाही, दुःखाच्या शब्दावर जोर देत नाही. या संयमाला तंत्राची जोड होती. कुजबुजीएवढा आवाज दूरवर पोहोचवायचा तर मायक्रोफोन लागतो, आणि ध्वनिमुद्रणाच्या वेळी गळ्यासाठी एक व गिटारसाठी एक असे दोन मायक्रोफोन त्याने मागितल्याचे सर्वज्ञात आहे. रिओच्या कोपाकबानातील इमारतींत शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून हे संगीत हळू झाले, ही कथा रंजक असली तरी तिला फार महत्त्व देऊ नये; नारा लियाँव या गायिकेच्या घरच्या संगीत-बैठका त्या वस्तीत भरत हे खरे, पण ही शैली घडली ती मायक्रोफोनच्या जवळिकीतून आणि एका हट्टी कलावंताच्या वर्षानुवर्षांच्या रियाजातून.

या भावाला काळाचेही अस्तर आहे. जुसेलिनो कुबिचेक यांची अध्यक्षीय कारकीर्द (१९५६–६१) ही ब्राझीलच्या आशेची वर्षे होती. ओसाड पठारावर उभारलेली ब्राझिलिया ही नवी राजधानी एप्रिल १९६० मध्ये खुली झाली आणि तिच्यासाठी एक सिंफनी जोबिम व व्हिनिसियुस यांनी रचली. १९६४ च्या लष्करी सत्तांतरानंतर हे हवामान बदलले आणि नारा लियाँवसारख्या कलावंतांनी समुद्र, फूल व हास्य यांना सोडून निषेधाच्या गीतांकडे मोर्चा वळवला. बोसा नोव्हा हे उच्चमध्यमवर्गीयांनी अमेरिकी जॅझच्या नादी लागून केलेले सांब्याचे पातळ रूप आहे, असा आरोप जुझे रामोस तिन्योराँव या समीक्षकाने आयुष्यभर केला. वर्गाविषयीचे त्याचे निरीक्षण खोटे नाही. लयीविषयीचे मात्र टिकत नाही, कारण सुर्दो आणि तांबोरीं यांचे नाते जिल्बेर्तोच्या बोटांत अधिक नेमके झाले आहे, पातळ झालेले नाही.

या संगीताचे खरे नुकसान त्याच्या यशाने केले. मार्च १९६३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सॅक्सोफोनवादक स्टॅन गेट्झबरोबर ध्वनिमुद्रित झालेली जिल्बेर्तोची तबकडी १९६४ साली प्रसिद्ध झाली, पुढील वर्षी तिला वर्षातील सर्वोत्तम अल्बमचा ग्रॅमी मिळाला, आणि अ‍ॅस्ट्रुड जिल्बेर्तो या गायिकेने इंग्रजीत गायिलेले ‘गारोता जि इपानेमा’ घरोघर पोहोचले. एकेरी तबकडीसाठी गाणे आखूड करताना जुआंवचा पोर्तुगीज भाग कापून टाकण्यात आला. त्यानंतर हॉटेलांच्या लॉबींत आणि लिफ्टमध्ये लावायचे निरुपद्रवी संगीत अशी बोसा नोव्हाची जगभर ख्याती झाली. अशा ठिकाणी ते ऐकू येते तेव्हा अंगठा आणि बोटे यांची ओढाताण ढोलाच्या तयार साच्यात विरलेली असते, गळ्याचे रेंगाळणे सरळ केलेले असते, आणि उरतो तो फक्त मंदपणा.

ज्या वाचकाला या प्रकाराची खरी ओळख करून घ्यायची असेल त्याने ‘शेगा जि साउदाजि’ची १९५८ सालची दोन्ही मुद्रणे, आधी एलिझेची कार्दोझूचे आणि मग जुआंव जिल्बेर्तोचे, लागोपाठ ऐकावीत, आणि जिल्बेर्तोचे दुसऱ्यांदा ऐकताना शब्दांकडे दुर्लक्ष करून केवळ अंगठ्यावर कान ठेवावा. ते गाणे जेमतेम दोन मिनिटांचे आहे.